रिकाम्या वाडग्याची खोटी साक्ष

एक

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो. तामचिनीचा, पांढरा, निळ्या काठाचा. कारखान्यात मला पत्र्यातून ठोकून खोलगट केलं, लेपात बुडवलं आणि भट्टीत भाजलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाजल्याशिवाय चकाकी येत नाही.

मला टाचणीमावशीने विकत आणलं. ती कपडे शिवायची. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव, आणि म्हणूनच तिचं बोलणंही कमी. शिकायला येणाऱ्या मुलींना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगे, "नजरेने माप घेईल तो कापड नासवेल."

माझ्यात तेव्हा बटणं असत. एका दुपारी खिडकीतून मांजराचं एक भुरं पिल्लू आलं आणि त्या बटणांवरच अंगाचं वेटोळं करून झोपलं. मावशीने त्याचं नाव बटण ठेवलं. खरी बटणं डब्यात गेली आणि माझ्यात दूध आलं.

पाच

बटणानंतर काज आलं. मग रीळ, मग अस्तर, आणि सगळ्यांत लहान चिंधी. माझ्या काठावर पाच डोकी बरोबर मावत. सहाव्याला जागा नव्हती. हे मला तेव्हाच कळलं होतं, पण वाडग्याला कोण विचारतो?

तेवीस

हा माझ्या कौतुकाचा काळ. कपडे शिवायला आलेल्या बायका म्हणत, "मावशी, तुमचं काळीज केवढं मोठं हो!" आणि दुसऱ्या सकाळी दारात भोकं पाडलेलं खोकं असे. आत म्याव म्याव.

समोरच्या घड्याळजीने तर पिल्लू सरळ हातातच दिलं. "बावीस आहेतच तुमच्याकडे. तेविसावं काय जड आहे?"

"तुम्हाला एक जड झालं ना पण?" मावशी म्हणाली. म्हणाली आणि घेतलं. नाही म्हणणं तिला जमायचं नाही. घरात दुसरं माणूस नव्हतं. ती बाजारातून यायची वाट आता तेवीस जण बघत होते.

शिवणकामातले शब्द संपले, मांजरं संपली नाहीत. पुढची सगळी नुसती 'बाळ' झाली.

आकडा नाही

कारण मावशीने मोजणं सोडलं.

कोणी पळून जाऊ नये म्हणून खिडक्या बंद झाल्या. घरात असा वास साठला की तिचे डोळे चुरचुरत, खोकला थांबत नसे. पलंग मांजरांनी घेतला, ती खुर्चीत झोपू लागली. शिवणयंत्रावर केसांचा थर बसला.

एका बाईने नवा कोरा झगा परत आणला. "शिलाई झकास आहे हो मावशी. पण हा घालून निघाले तर गल्लीतली कुत्री वरात काढतील माझी."

हळूहळू गिऱ्हाइकं यायची बंद झाली. कौतुक करणाऱ्या बायकाही. खोकी मात्र येत राहिली.

आता नीट ऐका, मित्रांनो. मावशी मला काठोकाठ भरून मधल्या खोलीत ठेवी आणि स्वयंपाकघरात जाई. मांजरांची झोंबाझोंबी तिला बघवत नसे. परत येई तेव्हा मी लख्ख असे. मला उचलून ती म्हणे, "चला, सगळी जेवली!"

सगळी जेवलेली नसत. मी जिभा ओळखतो. रोज त्याच दहा-अकरा जिभा. चिंधीची जीभ सगळ्यांत शेवटी यायची. माझा जिथे टवका उडाला होता, तिथे उघड्या लोखंडावर दोनदा फिरायची आणि निघून जायची.

अडतीस

एका सकाळी मावशीची भाची आली. सोबत जनावरांच्या डॉक्टरीणबाई.

"मावशी, दार उघड."

"उघडंच आहे की."

"चार बोटं उघडं आहे. मी काय पत्र आहे, फटीतून टाकायला?"

मावशीने नाइलाजाने दाराची साखळी काढली. डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला नाही, हे मी पाहिलं. त्यांनी तीन मांजरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मावशी, ही उपाशी आहेत."

"उपाशी?" मावशी भडकली. "माझ्या घरात? हा वाडगा बघा! आरसा झालाय नुसता. मी एक वेळ जेवते, पण ह्यांचं चुकवत नाही."

मित्रांनो, मला साक्षीदार म्हणून उभं केलं, आणि मी खोटी साक्ष दिली. रिकामा होतो, स्वच्छ होतो. मला आणखी काय येतं?

भाचीने वाद घातला नाही. तिने शिवणयंत्राच्या खणातून निळा खडू काढला, कापडावर खुणा करायचा. "मावशी, नजरेने माप घेईल तो काय करेल गं?"

लहानपणी ह्याच भाचीला मावशीने ते वाक्य पाठ करायला लावलं होतं.

"तूच बस इथे. जे खाईल त्याच्या पाठीवर रेघ मार. आज स्वयंपाकघरात जायचं नाही."

मावशी बसली. रेघ मारायला तिचा हात सरावलेला. मी रिकामा झालो तेव्हा निळ्या रेघा अकरा होत्या. मग तिघींनी मिळून मोजलं. कपाटावर, पलंगाखाली, कापडाच्या गठ्ठ्यांत. अडतीस. गठ्ठ्यांच्या मागे आणखी दोन सापडली, मेलेली. मावशी त्यांना पळून गेलेली समजत होती.

चिंधी यंत्राच्या पायडलखाली होती. मावशीने सवयीने गळ्यातली टेप काढून तिच्या पोटाला लावली. आकडा वाचला आणि टेप पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाली, "ही रोज माझ्या पायाशी होती गं. मी हिला कधी मापलंच नाही."

खडू खाली ठेवून तिनेच खिडकी उघडली.

दोन

डॉक्टरीणबाईंना मांजरं न्यायला कित्येक आठवडे लागले. काहींना घरं मिळाली. काही वाचली नाहीत, त्यांत बटणही होतं. मावशी रडली, भांडली, भाचीशी पंधरा दिवस बोलली नाही. आता ती स्वतःही डॉक्टरांकडे जाते, खोकल्यासाठी आणि मनासाठीही. भाची दर रविवारी येते. आधी मांजरं मोजते, मग चहा मागते.

घरात काज आहे आणि चिंधी आहे. दोघांचे वाडगे वेगळे. दारात खोकं आलं तर मावशी डॉक्टरीणबाईंना कळवते. खोकं आधी मांडीवर घेते, पण कळवते.

टवका उडालेल्या भांड्यात खायला देऊ नये, म्हणून माझ्यात पुन्हा बटणं आली आहेत, आणि वर तो निळा खडू.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जनावर असेल, माणसं तर असतीलच. वाडगा रिकामा दिसला म्हणून सगळे जेवले असं समजू नका. काठावर कोण आलं नाही, तेवढं बघा. ते मी बघतो, पण सांगू शकत नाही.

चिंधी पोट भरलं तरी रोज माझ्याकडे येते. नाकाने बटणं बाजूला सारते आणि टवक्यावरून दोनदा जीभ फिरवते.