माझे पाचवे रीळ

मित्रांनो, मी एक जुना कार्टूनपट आहे, आणि तुम्हाला माझी गोष्ट सांगायला बसलो आहे तो जरा चिडूनच. माफ करा. पण ज्याचा शेवट साठ वर्षे कोणी पाहूच दिला नाही, त्याने गोड तरी कसे बोलावे?

माझ्यात रुंद टोप्यांचे घोडेस्वार आहेत, लाकडी घरांचे एक गाव आहे आणि भोवती वाळवंट आहे. गुंडांची टोळी गावाच्या एकुलत्या एका विहिरीवर ठाण मांडून बसते. मदत मागवायची तर वाळवंटापलीकडच्या ठाण्यावर चिठ्ठी पोचवायला हवी, आणि चांगले घोडे तर गुंडांनी पळवलेले. उरते एक बुटके, लंगडे तट्टू. सगळे गाव ज्याला हसत आले, तेच गळ्यात चिठ्ठी बांधून निघते.

मला तयार करायला तीन वर्षे लागली. एका लांबट खोलीत वीस-बावीस माणसे खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद ठेवून चित्रे काढत बसत. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस चित्रे! एक बाई तर वर्षभर नुसती उडणारी धूळ चितारत होत्या. तट्टूचे काम एका जाडजूड चित्रकाराकडे होते. तट्टूचे लंगडणे कागदावर नीट उतरेना, म्हणून हे चित्रकार स्वतःच हातापायांवर खोलीभर फिरत.

"काय हो, आज चारा मिळाला का?" धुळीच्या बाई विचारत.

"चारा राहू द्या, गुडघ्यांना तेल द्या," ते खालूनच उत्तर देत.

अशी माझी पाच रिळे भरली. पाचवे सर्वांत लहान, जेमतेम अकरा मिनिटांचे. पण त्या अकरा मिनिटांसाठी ही माणसे आठ महिने खपली. चित्रकारांनी शेवटचा कागद उचलला तेव्हा धुळीच्या बाई चक्क रडल्या. मला वाटले, आता जग हे बघेल.

जगाचे सोडा. माझी ही प्रत एका गावातल्या थिएटरात आली आणि तिथेच राहिली. दर रविवारी सकाळी मुलांचा खेळ असे. मुले टाचा आपटत, शिट्ट्या मारत, तट्टू निघाले की खुर्चीवर उभी राहत. चौथ्या रिळाच्या शेवटी वादळ येते. तट्टू गुडघ्यांवर पडते, वाळू त्याच्यावर चढत जाते आणि पडदा पिवळाधमक होतो. थिएटर एकदम चिडीचूप. आता पाचवे रीळ लागायचे.

पहिल्याच रविवारी मॅनेजर धापा टाकत मशीनच्या खोलीत आले.

"दिवे लावा! बाराच्या खेळाची रांग फाटकाबाहेर गेलीय."

"साहेब, अजून एक रीळ आहे," ऑपरेटरकाका म्हणाले.

"आणि फरशी कधी झाडायची? खाऊचे कागद घोट्यापर्यंत साचलेत. बंद करा."

"अहो, पण तट्टू मध्येच पडलंय!"

"पडू दे. पोरांना काय कळतंय? पडदा पिवळा झाला की दिवे लावायचे, ठरलं."

ठरले ते ठरलेच. रविवारमागून रविवार पिवळ्या पडद्यावर दिवे लागत आणि मुले डोळे पुसत बाहेर पडत. त्यांच्या मते तट्टू मेले होते. आणि मी? माझ्या डब्यात ते जिवंत आहे, हे मला ठाऊक होते, पण सांगू कोणाला? पहिली चार रिळे चालून चालून ओरखड्यांनी भरली. पाचवे कोरे करकरीत राहिले. लोक म्हणत, "छान आहे हो सिनेमा, पण शेवट फार वाईट." ही स्तुती ऐकून माझ्या अंगाची लाही लाही होई.

पुढे थिएटर बंद पडले. माझे डबे जिन्याखालच्या कोठीत गेले. इतर गावांतल्या माझ्या प्रती तोवर झिजून संपल्या होत्या. मी तेवढा उरलो. किती वर्षे गेली ते मोजायला तिथे उजेडही नव्हता. शेवटी कोणीतरी इमारत रिकामी केली आणि मला जुने चित्रपट जपणाऱ्या एका कार्यालयात नेऊन पोचवले.

तिथे एक तंत्रज्ञ ताई माझी रिळे हातमोजे घालून पुसत होत्या. ती संगणकात उतरवायची होती. वाटले, सुटलो एकदाचा. तेवढ्यात त्यांचे साहेब आले.

"हे पाचवं याच सिनेमाचं कशावरून?" त्यांनी विचारले. "ही चार बघा, मांजरानं ओरबाडल्यासारखी. आणि हे नवं कोरं. दुसरं काहीतरी चुकून आलंय यात. ठेवा बाजूला, चारच उतरवा."

मित्रांनो, कधीच न चालवल्यामुळे जे रीळ स्वच्छ राहिले, तेच स्वच्छ म्हणून बाद होत होते! तोंड असते तर मी किंचाळलो असतो.

पण ताई हट्टी होत्या. "पाच मिनिटं थांबा ना, साहेब," म्हणत त्यांनी चौथ्याचे शेवटचे टोक आणि पाचव्याचे पहिले टोक उजेडावर शेजारी शेजारी धरले. दोन्हीकडे तीच पिवळी वाळू होती, आणि वाळूतून वर आलेली लगामाची तीच वाकडी कडी. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत ती केसभर सरकली होती, बस्स.

"सलग आहे हो!" ताई ओरडल्या. "पाचही उतरवायची."

मग एका रविवारी सकाळी, त्याच गावातल्या नव्या सभागृहात, मी पुन्हा पडद्यावर आलो. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. लहानपणी मला पाहिलेले कितीतरी जण त्यांत होते. मला वाटले, आज सारे फिटेल. कसले काय! पडदा पिवळा होऊ लागला आणि ही सगळी मोठी माणसे पिशव्या, काठ्या शोधू लागली. काही तर दाराबाहेर गेलीसुद्धा. शेवट त्यांना पाठ होता ना!

तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी नातीचे डोळे हाताने झाकले आणि तिला उठवले.

"चल बाळा, संपलं. हे बघू नकोस."

"का?"

"तट्टू मरतं त्यात. सात वेळा पाहिलाय मी. आमच्या धाकट्या भावानं तर दोन दिवस ताटाला हात लावला नव्हता."

नातीने त्यांची बोटे फाकवून मधून पाहिले. "आजोबा, कान हलला."

"कसला कान? चल."

"अहो, बघा ना! दुसरा पण!"

आजोबा वळले. वाळूतून दोन कान वर येत होते. मग मान आली. मग ते तट्टू झटकन अंग झाडून उभे राहिले आणि सगळा पडदा धुळीने भरला.

"ओ आजोबा, खाली बसा, दिसत नाहीये!" मागून कोणीतरी ओरडले. आजोबा होते तिथेच, वाटेतल्या पायरीवर बसले. पूर्ण अकरा मिनिटे ते हलले नाहीत. तट्टू ठाण्यावर पोचले, तिथले स्वार विहिरीवर आले, गावाने पाण्याची पहिली बादली तट्टूपुढे ठेवली.

दिवे लागले. आजोबांनी खिशातून फोन काढला.

"हॅलो, धाकट्या? ऐक. ते मेलं नव्हतं रे."

"कोण मेलं नव्हतं?" पलीकडचा आवाज इतका मोठा होता की नातीलाही ऐकू आला. "दादा, बरा आहेस ना तू?"

"तट्टू रे! सिनेमातलं. उठलं ते. पोचलं." आणि मग आजोबांचा आवाज चढला. "आपल्याला कुणी सांगितलं का नाही? शेवट होता की त्याला! चांगला शेवट होता!"



मित्रांनो, त्या अकरा मिनिटांत थिएटरची फरशी झाडून होत असे. फरशी दुपारपर्यंत पुन्हा घाण व्हायची. म्हणून सांगतो, कोणी वर्षानुवर्षे खपून केलेली वस्तू तुमच्या हाती आली, तर आपल्या घाईसाठी तिचा तुकडा तोडू नका. आणि त्या रविवारी जे दाराबाहेर निघून गेले, ते तुम्हाला कुठे भेटले, तर कृपा करून त्यांना सांगा, तट्टू पोचले.