माझ्यावर ताईंच्या केसाचं मूळ आहे

मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक काचपट्टी बोलतेय. लांबीला बोटाएवढी, अंगाने सडपातळ. कातडीच्या आजारांची तपासणी करणारी प्रयोगशाळा हेच माझं माहेर आणि हेच सासर. पन्नास बहिणींसोबत डब्यातून इथे आले, ती बाहेर पडलेच नाही.

आम्हाला कामाला लावायच्या ताई. रुग्णाच्या कातडीचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या सुरीने त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि आमच्यापैकी एकीवर अलगद उचलून घ्यायचे. एकवीस वर्षं त्या हेच करत आल्यात. काप वाचायचे मात्र मोठ्या डॉक्टरांनी.

माझ्यावर जो काप आला, तो ताईंच्याच डोक्याचा होता.

भांगाजवळ त्यांची आग आग व्हायची. केसांच्या बुडाशी लाल कडी उठली होती. शेजारच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी बारीकसा तुकडा काढून टाका घातला. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा घेऊन ताई यंत्रापाशी बसल्या. मला जांभळ्या-गुलाबी रंगांतून काढलं आणि डॉक्टर यायच्या आत स्वतःच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

केसाच्या मुळाच्या वरच्या अंगाला एक फुगीर जागा असते. केस गळला तरी नवा येतो, तो तिथल्या मूळपेशींच्या जिवावर. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी नेमक्या त्याच जागेला वेढून बसल्या होत्या. राखणदारांनीच बियाणं खायला घेतलं होतं.

"सर, गर्दी वर आहे," ताई म्हणाल्या. "खाली गड्ड्याशी असती तर केस परत येण्याची आशा होती. उरलेले वाचवायला लगेच औषध सुरू करायला हवं ना?"

डॉक्टरांनी मला अर्धं मिनिट पाहिलं. "ताई, काप तुम्ही छान काढता. वाचायचं माझ्यावर सोडा. या वयात बायकांचे केस जातातच. घरी काही ताण?"

"लेकीची परीक्षा आहे."

"मग झालं तर."

'किरकोळ दाह, विशेष काही नाही' असा अहवाल त्यांनी सांगितला आणि ताईंनी टाइप केला. मला पिशवीत घालून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सुचवलंही. पण "सरांना काय वाटेल" म्हणत ताईंनी मला खणात ठेवून दिलं. ताईंचा मला तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढची दोन वर्षं खण उघडला की त्यांचं डोकं दिसे. भांग रुंद झाला. मग भांगाची बाजू बदलली. मग रुमाल आला. एकदा लेक किल्ली न्यायला आली होती. ती म्हणाली, "आई, किती उकडतंय. इथे तरी काढ ना तो रुमाल."

"इथेच तर नको," ताई म्हणाल्या.

मग एकदा शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग भरला. मोठ्या डॉक्टरांना नमुना हवा होता. त्यांनी स्वतःच खण चाळला, मला उजेडात धरलं आणि खूश झाले. नाव वाचलंच नाही. पडद्यावर मी भिंतीएवढी झाले.

"बघा, दाह कसा नेमका मूळपेशींवर आहे. चुकायला जागाच नाही."

"यांचे केस परत आले का, सर?" एकीने विचारलं.

"नाही. मूळपेशी गेल्या की मागे व्रण उरतो. हे लोक उशिरा येतात, तीच अडचण आहे."

"ती वेळेवर आली होती," यंत्रापाशी बसलेल्या ताई म्हणाल्या.

सगळे वळले. डॉक्टरांनी मला काढलं, कोपऱ्यावरचं नाव पाहिलं. मग म्हणाले, "ताई, पुढची द्या."

ताईंनी पुढची दिली.

आता मी शिकवायच्या पेटीत असते. ओळख गुप्त राहावी म्हणून माझ्यावरचं नाव खरवडून काढलंय. दरवर्षी नवे डोळे येतात, वहीत माझं चित्र काढतात. बाबांनो, काढा. पण ही कोण होती आणि कधी आली होती, एवढं तरी विचारा. पलीकडेच बसलेली असते ती, काप काढत. तिच्या भांगाच्या जागी आता गुळगुळीत, चकाकती कातडी आहे. तिथलं उरलेलं एकच मूळ माझ्यावर आहे, आणि त्याला केस येत नाही.