पंधरा दिवसांची पाटी

मी पत्र्याची पाटी बोलतेय. ऐकून घ्या, पण लगेच विश्वास ठेवू नका. माझा जन्मच संशयातून झालाय, त्यामुळे कुणी पटकन मान डोलावली की मला तोच माणूस खटकतो.

खरं म्हणजे हा माझा दुसरा जन्म. पहिल्या जन्मी मी एका दुकानावर होते. ‘येथे कपडे इस्त्री करून मिळतील’, निळ्या ठळक अक्षरांत. ते दुकान बंद पडलं आणि मी पेंटरकडे भिंतीला टेकून धूळ खात पडले. तिथून मला बाहेर काढलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईने.

ही बाई महासंशयी. कापड घेताना आधी उलटं करून बघणार, मग सुलटं, मग कडेचा दोरा ओढून बघणार. गल्लीत तिला ‘उलटीसुलटी’ म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. भाड्याच्या एका खोलीत वीस वर्षं मशीन चालवल्यावर तिने जमिनीचा एक तुकडा बघून ठेवला होता. विकणारा म्हणाला, “वडिलांची जमीन. मी एकुलता एक.” बाईने कचेरीत जाऊन कागद पाहिले. नाव खरोखरच त्याच्या एकट्याचं होतं. तरी तिचं मन भरेना, म्हणून ती पेंटरकडे आली.

“लिहा,” ती म्हणाली, “ही जमीन मी विकत घेत आहे. कोणाचा हक्क असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. खाली माझा पत्ता.”

“मागची जुनी अक्षरं पुसून देऊ का?” पेंटरने विचारलं.

“पाठ कोण बघतंय? उगाच रंग कशाला घालवता?”

जन्मभर कापडाची उलटी बाजू बघणारी बाई असं बोलली. मला तेव्हाच बरं वाटलं नाही.

दोन लोखंडी खांबांमध्ये तिने मला स्वतः तारेने बांधलं. तिची गाठ ठरलेली होती. तीन वेढे आणि टोक आत दडवलेलं, म्हणजे कुणाच्या कपड्याला अडकायला नको.

दुसऱ्याच दिवशी सकाळी विकणारा आला. इकडेतिकडे बघत त्याने तार सोडली, मला फिरवलं आणि पुन्हा बांधलं. आता रस्त्यावरून इस्त्रीची जाहिरात दिसत होती. बाई दर रविवारी यायची, हे त्याला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी त्याने मला पुन्हा सरळ केलं, सोमवारी पुन्हा पाठमोरं. त्याची गाठ एका वेढ्याची, टोक बाहेर लोंबणारं.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी एक बाई त्याच्याबरोबर जमिनीवर आली. ती त्याची सख्खी धाकटी बहीण होती. वडिलांमागे जमिनीत तिचा अर्धा वाटा होता. ‘मला भावंड नाही’ असं शपथेवर लिहून देऊन भावाने तिला कागदावरून गायब केलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

“दादा, ही इस्त्रीवाल्याची पाटी कसली रे?”

“अगं, एकाला दुकान टाकायला जागा दिलीय. चार महिन्यांपुरती.”

“मला सांगायचं तरी.”

“त्यात काय सांगायचं? जमीन आपलीच आहे ना.”

‘आपलीच’ म्हणाला तो. आवाज जरासुद्धा हलला नाही. बहीण माझ्यावर हात टेकून उभी राहिली. तिच्या तळहाताखाली, फक्त एका पत्र्यापलीकडे, ‘कोणाचा हक्क असल्यास’ लिहिलेलं होतं. मला तोंड असून बोलता येत नव्हतं. फार वाईट वाटलं.

गुरुवारी मात्र शिवणवाली बाई अवचित आली. गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून परत चालली होती. निळी अक्षरं बघून ती थबकली. तिने तारेचं लोंबणारं टोक बोटांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. नुसती शिलाई बघून ती कुणाच्या हातची आहे हे सांगणारी बाई ती. मग गाठ सोडून तिने मला सरळ केलं आणि आपल्या पद्धतीने बांधलं.

रविवारी तिने विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “वाऱ्याने फिरली असेल.”

“हो, वारा होता खरा,” बाई म्हणाली.

वाऱ्याला तार बांधता येत नाही, हे तिला कळत नव्हतं असं कुणी मला सांगू नये. पण तोवर तिने खिडकी जिथे काढायची त्या जागी दोन दगड ठेवले होते. पंधरा दिवस संपले, कुणी आलं नाही, खरेदी झाली. वर्षभरात दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि मशीन खिडकीशी बसलं.

मग एक दिवस बहीण आली, आणि तिथून सगळे कोर्टात गेले.

प्रश्न एवढाच होता. बाईने नीट चौकशी करून, सरळ मनाने जमीन घेतली असेल, तर घर तिचं. काही संशय येऊनही ती गप्प बसली असेल, तर अर्धी जमीन बहिणीची, आणि एक खोली त्या अर्ध्यात येत होती. मला पुरावा म्हणून आणलं. बाईच्या वकिलाने माझी अक्षरं वाचून दाखवली. बहीण म्हणाली, “साहेब, ती उलटी करा.” केली. ती म्हणाली, “मी पाहिली ती ही बाजू.”

तिच्या वकिलाने बाईला विचारलं, “ही पाटी फिरवलेली तुम्ही कधी पाहिली होती?”

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग आपल्या बोटांकडे.

“आठवत नाही,” ती म्हणाली.

न्यायाधीशांनी बाईचं घर राखलं. भावाने बहिणीचा हिस्सा पैशात द्यावा, असा हुकूम झाला. भावाच्या नावावर तोवर साधी सायकलही उरली नव्हती.

बाईला मी चोर म्हणणार नाही. तीही फसलीच होती. आणि सरळ मनाने घेणाऱ्याला कायद्याने जपायलाच हवं, नाहीतर घर घ्यायची हिंमत कोण करेल? पण ती गाठ मी विसरू शकत नाही.

कोर्टाबाहेर बहीण तिला म्हणाली, “खिडकी चांगल्या जागी काढलीत. बाबा तिथेच खुर्ची टाकून बसायचे.”

आता मी त्या घरामागच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आहे. बाई मला नेहमी नोटिशीची अक्षरं खाली करून ठेवते. पण पाणी घ्यायला रोज मला उचलावं लागतं, आणि तेव्हा अक्षरं नेमकी तिच्या तोंडासमोर येतात. काल तिने पेंटरला बोलावलं.

“काय लिहू?”

“काही नको. दोन्ही बाजू रंगवून टाका.”

“या वेळी पाठसुद्धा?”

बाईने रंगाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. निळी अक्षरं कालच गेली. आज दुसरी बाजू. पेंटर रंग ढवळतोय.

जमीन घेणाऱ्यांनो, पाटी जरूर लावा, आणि अधूनमधून अवचित जाऊन तिची पाठही बघा. जे दिसेल ते विचारा, उत्तर महागात पडणार असलं तरी. आणि माझ्यावर हात टेकून उभ्या राहिलेल्या ताई, माझी पंधरा दिवसांची मुदत केव्हाच संपली, तरी ब्रश टेकायच्या आत तुम्हाला एकदा सांगते. कोणाचा हक्क असल्यास कळवावे. खाली पत्ता आहे.