तळमजल्यावरची रिकामी खोली

“काका, टेप भिंतीला टेकवून धरा. सोडू नका हं.”

तपासणीला आलेली मुलगी टेपचं दुसरं टोक खिडकीपर्यंत घेऊन गेली. रखवालदाराने आपलं टोक असं दाबून धरलं, की जणू अख्खी इमारत त्याच्या अंगठ्यावर उभी होती. पर्यावरण जपण्याचे आणि साथीला तोंड देण्याचे असे दोन्ही गुण आज या तपासणीत इमारतीला मिळायचे होते. गच्चीवरची सौर वीज बघून झाली, पावसाच्या पाण्याची टाकी झाली. आता उरली तळमजल्यावरची ही खोली. त्याचीच. “तपासणीपुरती रिकामी करा,” असं इमारतीच्या सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, म्हणून पहाटेच त्याने खाट, स्टोव्ह, ट्रंक जिन्याखाली सरकवली होती. चौदा वर्षांचा संसार दोन खेपांत हलला.

“हवा खेळती आहे?”

“खेळती म्हणजे! स्टोव्हला काडी पेटू देत नाही, मॅडम. ही दुसरी खिडकी मीच मागे लागून पाडून घेतली.”

“संडास-बाथरूम?”

“स्वतंत्र. येण्याजाण्याचं दारही वेगळं.”

प्रत्येक होकाराला ती कागदावर खूण करी, आणि याची छाती फुगे.

“छान. साथ आली तर रुग्णाला वेगळं ठेवायला अशीच खोली लागते.”

“रिकामीच असते ती,” दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या.

त्याचा अंगठा भिंतीवरच राहिला. मागच्या साथीत याच वहिनी बारा दिवस एकट्या दाराआड पडून होत्या. नवरा परगावी अडकलेला, सख्खी जाऊ फोन उचलेना. हा रोज दोन वेळा जिने चढून जेवणाचा डबा दाराशी ठेवी आणि आतून हाक येईपर्यंत हलत नसे. “पाठचा भाऊ करणार नाही ते तुम्ही केलंत,” म्हणत त्या रडल्या होत्या. तेव्हापासून तो दादा झाला.

“मी राहतो इथे, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “आज पहाटेपर्यंत तरी राहत होतो.”

मुलीने फाईल चाळली. “पण काका, हे पत्र आहे ना. ‘खोली कायमची सोडली, माझा काही हक्क नाही,’ असं लिहिलंय. खाली सही आहे.”

परवा जिन्यातच वहिनींनी कागद पुढे केला होता. “टाकी धुतल्याचा आहे, दादा. करा सही.” त्याने वाचला नव्हता. बहिणीने दिलेला कागद का कोणी वाचून बघतं?

वहिनी मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. कान मात्र लाल झाले होते.

“सही तुमचीच ना, काका? नसेल तर तसं सांगा. मी सगळं इथेच थांबवते.”

वहिनींनी मान वर केली. चेहरा पांढराफटक.

“माझीच आहे,” तो म्हणाला. “खोटं कसं बोलू?”

मुलगी जरा घुटमळली. मग तिने शेवटची खूण केली आणि ती बाहेर पडली.

वहिनीही तिच्यामागे निघाल्या. जिन्याशी पोचल्यावर वळल्या. आवाज नेहमीसारखा मऊ.

“दमलात, दादा. चहा पाठवते खाली.”

“खाली कुठे, वहिनी?”

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. वहिनी एक पाय पायरीवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.