खाऱ्या पाण्यातली ताठ मान

मी एक जुनी काचेची नळी आहे. सुरुवातीलाच सांगून टाकते, मला कोणाची दया नको. माझ्या बुडाशी एक टवका उडाला आहे, मानेतल्या कागदी पट्टीचा हिरवा रंग विटला आहे आणि ज्या घरात मी राहते तिथे मला दोनदा खोटारडी म्हटले गेले आहे. पहिल्या वेळी तो धडधडीत अन्याय होता. दुसऱ्या वेळी तो आरोप खरा होता. मित्रांनो, मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे, कारण अर्धे खरे सांगणे मला जमत नाही.

माझे काम पाण्याचा खारेपणा मोजण्याचे. पाण्यात सोडले की मी उभी तरंगते. साध्या पाण्यात मी पार मानेच्या वरच्या रेघेपर्यंत बुडते. पाण्यात मीठ असले की ते मला वर उचलते. मीठ जितके जास्त, तितकी माझी मान पाण्याबाहेर. वरच्या रेघेच्या बरेच खाली एक हिरवा पट्टा आहे. पाण्याची पातळी तिथे टेकली, तर ते पाणी समुद्रातल्या माशांना मानवते. हिरव्याच्या खाली लाल पट्टा. तो पाण्याबाहेर डोकावू लागला, की मीठ जास्त झाले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी त्या दोघींनाही ओळखत नाही.

एका लहानशा कारखान्यात, निळ्या ज्योतीसमोर बसलेल्या एका कारागीर बाईने मला घडवले. तिने फुंकर घालून माझे पोट फुगवले, मान लांब ओढली, पोटात शिशाचे बारीक छर्रे टाकले आणि रेघांची पट्टी गुंडाळून मानेत सरकवली. मग मला साध्या पाण्याच्या बरणीत सोडले. मी केसभर जास्त बुडाले. तिने चिमट्याने एक छर्रा काढला. आता मी केसभर वर आले. तिने तो छर्रा कानशीवर घासला आणि परत टाकला. असे चार वेळा झाले. पाणी वरच्या रेघेला बरोबर टेकले तेव्हाच तिने ज्योतीवर माझे टोक बंद केले आणि शेजारणीला म्हणाली, “हिचं तोंड मिटलं. आता ही जन्मभर एकच गोष्ट बोलणार.”

मी तिचा शब्द राखला आहे.

पुढची नऊ वर्षे मी एका मासेविक्याच्या दुकानात काढली. खायचे मासे नव्हेत, पाळायचे. तिथे खाऱ्या पाण्याच्या अकरा टाक्या होत्या. दुकानदार सकाळी दार उघडून आधी मला प्रत्येक टाकीत सोडायचा आणि मगच किटली ठेवायचा. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागले, की मला उचलून दाखवायचा, “माझ्याशी नका भांडू. हिच्याशी भांडा.” माझ्याशी भांडून कोणी जिंकले नाही. टवका उडाला तोही तिथेच. एका टाकीच्या कडेवर मी आपटले. छर्रे हलले नाहीत, रेघ चुकली नाही. दुकानदाराने मला बरणीत सोडून खात्री केली आणि कामाला लावले.

मग एके दिवशी दुकानात ताई आली. तिला सगळे ताईच म्हणत. ती घरी शिवणकाम करायची. तिच्या कामाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती हातभर अंतरावरच्या भिंतीकडे उघडत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बजावले होते, की दर थोड्या वेळाने सुईवरून नजर काढून लांब बघत जा. “लांब बघायला माझ्याकडे काही नाही,” ती दुकानदाराला म्हणाली. “एखादी छोटी टाकी होईल का?”

दुकानदाराने तिला गुडघ्याएवढी टाकी दिली. सोबत दोन दगड, एक कोळंबी, एक गोगलगाय, शंखात राहणारा एक खेकडा, एक नारिंगी मासा आणि वर मी. त्याने सांगितले, “पाणी उडत राहील, रोज थोडं साधं पाणी घाला. आणि हिला बुडवलीत की साध्या पाण्यानं धुवा, पुसा, मग ठेवा. एवढं केलंत तर ही तुमच्या नातवंडांशीही खरं बोलेल.”

टाकी शिलाई मशीनच्या समोर बसली. नारिंगी मासा दिवसभर काचेला नाक लावून ताईकडे टक लावून बघायचा, जणू त्याचे कपडे आजच हवे होते. ताईने त्याचे नाव गिऱ्हाईक ठेवले. ती एक बाही जोडायची, मान वर करायची आणि म्हणायची, “झालं हं, गिऱ्हाईक. तुमचंच घेते आता.” वाफेच्या इस्त्रीसाठी ती शुद्ध पाण्याचा कॅन आणायची. त्यातलेच कपभर ती रोज टाकीत घालायची. मला धुवायची, पुसायची आणि तिच्या मऊ टेपच्या शेजारी खुंटीला अडकवायची.

त्या टेपचे आणि माझे चांगले जमले. शेजारच्या काकू माप द्यायला आल्या, की श्वास रोखून उभ्या राहायच्या.

“काकू, श्वास सोडा.”

“सोडलाय की!”

“टेपला फसवून काय मिळणार? कपडा पोटावर उसवेल.”

“अगं, महिन्याभरात उतरणार आहे मी.”

“उतरा की. तेव्हा मी आत घेऊन देईन. आज मला आजचं माप द्या.”

आजचे माप द्या! मला वाटायचे, ही बाई माझ्याच कारखान्यात घडली असावी.

पावसाळ्याआधी ताईचा थोरला भाऊ त्या घरी राहायला आला. तो सतरा वर्षे जहाजावर आचारी होता. गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणत आणि तो कोणाची चूक दुरुस्त करत नसे. मनाने भला होता, पण समुद्राचा विषय निघाला की त्याच्यापुढे समुद्रानेही गप्प बसावे! त्याला त्या कोपऱ्यात टाकी नको होती. तयार कपड्यांचे कपाट तिथे यावे असे त्याचे मत होते.

“चार महिन्यांत सगळं मरेल बघ,” तो म्हणाला. “समुद्र असा खोक्यात राहत नसतो.”

ताई जिद्दीला पेटली. “तीन जीव गेले तर टाकी दुकानात परत. कपाट आण. पण तिसरा जीव जाईपर्यंत कपाटाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.”

तिथेच पैज लागली. मित्रांनो, रागाच्या भरात लावलेल्या पैजा तरंगत नाहीत, थेट तळाला जातात.

त्याच आठवड्यात शाळेच्या गणवेशांचे काम आले. दोनशे गणवेश! ताईला पाणी प्यायलाही फुरसत होईना. कप्तान म्हणाला, “टाकीकडे मी बघतो. पैज पैजेच्या जागी.” ताईने मशीनवरून मान न उचलता सांगितले, “पाणी कमी झालं की भरत जा.” कुठले पाणी, हे ती सांगायची राहिली. तिच्या लेखी ते सांगण्याजोगे नव्हतेच.

कप्तानाने टाकीसाठीचे समुद्री मीठ बादलीत कालवले, बोट बुडवून चाखले आणि ते खारे पाणी टाकीत ओतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. समुद्राचे पाणी घटले तर समुद्राचेच भरायचे, हा त्याचा सरळ हिशेब. पण उडून जाते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते आणि त्यावर तो रोज नवे मीठ घालत होता.

आठ दिवसांनी त्याने मला टाकीत सोडले. मी वर आले. हिरवा पट्टा पाण्याबाहेर, लालची कडा दिसू लागलेली.

“बिघडली ही,” तो म्हणाला आणि पुन्हा बोट चाखले. “झकास समुद्र आहे. ही खोटारडी आहे, बाटलीतली पंडितीण!”

मी आणखी किती वर येऊ? मला हात नाहीत, घंटा नाही. होती तेवढी मान मी ताठ धरली. त्याने मला न धुताच खुंटीला लावले. त्या आठवड्यात कोळंबी मेली.

अंगावरचे पाणी वाळले आणि मानेवर मिठाचा खार धरला. पुन्हा बुडवणे, पुन्हा न धुणे. पोटावर पिवळट कीट बसली. पुढच्या पंधरवड्यात गोगलगाय उलटी पडली ती पडलीच. ताईने काम थांबवून विचारले, “दादा, मोजलंस का?”

“आत्ता मोजतो, तुझ्यासमोर.”

त्याने मला सोडले, आणि मी हिरव्यावर उभी राहिले.

मित्रांनो, हाच तो दुसरा प्रसंग. पाणी मला वर ढकलत होते आणि अंगावरचा मळ मला खाली ओढत होता. दोघांच्या रस्सीखेचीत मी नेमकी तिथे अडकले, जिथे सगळे आलबेल दिसते. मी खोटे बोलले. माझ्या इच्छेविरुद्ध, पण बोलले.

“बघ,” कप्तान म्हणाला. “आता मान्य?”

ताईने मान्य केले आणि ती मशीनकडे वळली.

दोन दिवसांनी तिने बाही जोडून मान वर केली, तर काचेपाशी गिऱ्हाईक नव्हते. ते दगडामागे एका अंगावर कलून भराभर कल्ले हलवत होते. ताईने दाणे टाकले. ते हलले नाही.

“दोन झाले,” कप्तान मागून म्हणाला. पण त्याच्या आवाजात पैज जिंकल्याची खुशी नव्हती. “हा तिसरा ठरू नये ग.”

 ताईने भिंतीवरचा टेप काढला आणि पोलादी पट्टीवर ताणून पाहिला. ही तिची महिन्याची रीत होती. कापडी टेप वापरून वापरून ताणतो. म्हणून आधी मोजणाऱ्याला मोजायचे आणि मग गिऱ्हाइकाला. टेप बरोबर निघाला. तो अडकवताना तिचा हात माझ्यावर थांबला. तिने मला उजेडात धरून मानेवर नख फिरवले. नखाखाली पांढरा चुरा आला.

तिने उंच फुलदाणीत इस्त्रीचे शुद्ध पाणी भरले आणि मला तशीच मळकी आत सोडले. मी वरच्या रेघेच्याही खाली गेले. पार बुडाले!

“साध्या पाण्यात हिनं रेघेवर थांबायला हवं,” ताई म्हणाली. “ही जड झालीय, खोटं सांगतेय. दादा, तू हिला धुतलीस कधी?”

“पाण्यातच असते की ती! पाण्यातल्या वस्तूला काय धुवायचं?”

तिने मला व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, मऊ कापडाने पुसले, खळखळून धुतले आणि नव्या शुद्ध पाण्यात पुन्हा सोडले. मी रेघेवर थांबले. कारागीर बाईच्या बरणीत थांबले होते तशीच, केसभरही इकडेतिकडे नाही. मग ताईने मला टाकीत सोडले, आणि मी उसळले. हिरवा पट्टा बाहेर, लालही बाहेर, मान कधी नव्हती इतकी उंच. इतक्या दिवसांचे कोंडलेले उत्तर मी एका दमात दिले.

“अरे देवा,” ताई म्हणाली. “कुठलं पाणी भरत होतास?”

“खारं. समुद्राच्या टाकीत आणि कुठलं भरणार? तू मला समुद्र शिकवू नकोस, मी सतरा वर्षं...”

“समुद्र राहू दे. स्वयंपाक सांग. जहाजावर तुझं सूप चुलीवर आटलं, तर तू त्यात काय घालायचास? मीठ की पाणी?”

 कप्तानाने टाकीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

“पाणी,” तो म्हणाला. टाकीच्या काचेवर हात ठेवून पुन्हा म्हणाला, “पाणीच ग. मी सूप आटवून आटवून त्यात मीठ घालत बसलो.”

“आणि मी तुला कुठलं ते सांगितलंच नाही. दोघांची वाटून चूक.”

तो लगबगीने कॅन उचलून टाकीकडे निघाला. ताईने त्याचे मनगट धरले. “एकदम नाही! उसवताना कापड ओढतात का? एकेक टाका. थोडं खारं काढायचं, तेवढंच साधं घालायचं. रोज थोडं.”

पुढचे सहा दिवस गणवेशांचे काम मागे पडले. ताईने शाळेला तसे कळवले आणि चार शब्द ऐकून घेतले. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप. कप्तान ओतायचा, ताई मला सोडायची. पहिल्या दिवशी मी अर्धी रेघ उतरले, दुसऱ्या दिवशी एक. गिऱ्हाईक दगडामागेच होते. कप्तान त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचा आणि पुटपुटायचा, “ऊठ रे. पैज मी हरलो, झालं? ऊठ.” मी कोणाची खोटी समजूत घातली नाही. लाल होते तोवर लालच दाखवले. सहाव्या संध्याकाळी पाणी हिरव्याच्या कडेला टेकले, तेही मीच सांगितले.

सातव्या सकाळी ताई कॉलर उलटवत होती. तिने सवयीने मान वर केली. खेकडा शंख ओढत दगडावर चढत होता आणि काचेला नाक लावून गिऱ्हाईक उभे होते. कपडे आजच हवे होते.

आता टाकीच्या काचेवर जुन्या टेपचा तुकडा चिकटवलेला आहे. पाणी त्याखाली गेले, की कप्तान इस्त्रीच्या कॅनमधून कप भरतो. शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, “काय कप्तान, हल्ली एका नळीचं ऐकता म्हणे?” तो म्हणाला, “आधी हिचं, मग माझा चहा.” महिन्यातून एकदा तो मला फुलदाणीत सोडून तपासतो. मला त्याचा राग येत नाही. हजारदा तपासा! तपासणीला भितो तो खोटा.

तेव्हा मित्रांनो, मोजणारी वस्तू घरात असेल तर तिला स्वच्छ ठेवा. मळ बसला की खरेही खोटे बोलू लागते. आणि तिने नको ते उत्तर दिले, तर तिला खुंटीला टांगण्याआधी आपली बादली बघा. मी म्हातारी झाले, टवकेही आणखी उडतील. पण खाऱ्या पाण्यात कोणी कितीही डोळे वटारले तरी मी वाकणार नाही. मी मान खाली घालते ती फक्त साध्या पाण्यात.