शेंदरी दगडांचं रिंगण

दसरा होऊन आठवडा झाला होता आणि शेळगावच्या गायरानात मुंगी शिरायला जागा नव्हती. एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणारी पोरं मोटारसायकलवर बसूनच हात जोडत होती. गवतात नऊ शेंदरी दगड गोल मांडलेले, आणि त्यांच्या बाहेरून अळंबीच्या ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण, कुणी न पेरता उगवलेलं.

मधोमध झुंबर बसला होता. आठ दिवसांमागं हा गडी आठवडी बाजारात अंगठीचे खडे विकायचा. आता झाला महाराज.

"आईनं हितं फेर धरलाय," तो सांगत होता. "रातच्याला कोऱ्या कागदावर छत्री ठिवली, सकाळी बघा, हिरवा भंडारा. आईचा हिरवा चुडा हाय ह्यो. उद्या कढईत परसाद करणार. गुडघं, दमा, कोर्टाची तारीख, समदं सुटंल."

छत्री खाऊन कोर्टाची तारीख कशी सुटते, हे विचारायची एकाचीही छाती झाली नाही.

गर्दीच्या कडेला शाळेच्या ज्योत्स्नाबाई उभ्या होत्या. पुढं यायला त्या धजत नव्हत्या, कारण ते दगड त्यांनीच रंगवले होते.

दर शनिवारी बाई मुलांना घेऊन गायरानात फिरायच्या. पाऊस सरला की नाकतोडे, चतुर, अळंब्या, जे दिसेल त्याची वहीत नोंद. गेल्या वर्षी हे अळंब्यांचं रिंगण सापडलं. वर्षभरात ते किती सरकतं ते कळावं म्हणून त्यांनी अळंब्यांपाशी दगड ठेवले, आणि गवतात दिसावेत म्हणून शाळेत उरलेला ऑइलपेंट फासला. रंग शेंदरी. आपल्या मुलखात शेंदरी दगडाचं पुढं काय होतं हे शेंबड्या पोराला कळतं, एवढ्या शिकलेल्या बाईंना सुचलं नाही.

सुचलं तेव्हा नारळ फुटू लागले होते. बाई बौद्ध वस्तीतल्या. आमच्या देवाला नावं ठेवता का, असं कुणी म्हणालं तर? उद्या सांगू, उद्या सांगू करत पाच दिवस गेले. अळंबी विषारी आहे हेही त्यांना ठाऊक होतं. सहाव्या दिवशीही त्या गुपचूप घरी आल्या.

त्याच दुपारी गावातल्या म्हाताऱ्या रंगूबाईनं झुंबरकडून एक छत्री आधीच मागून नेली, गुडघ्यासाठी. संध्याकाळपासून उलट्या आणि जुलाब. रात्री तिला बारामतीच्या दवाखान्यात हलवलं. सकाळी हे बाईंच्या कानावर आलं. त्या वही घेऊन तशाच गायरानाकडं पळाल्या.

कढई तापली होती. चाळीस माणसं द्रोण घेऊन रांगेत.

"कुणी खाऊ नका. विषारी आहे. रंगूबाई हेच खाऊन दवाखान्यात पडलीय. आणि हे दगड मी रंगवलेत," बाई म्हणाल्या.

"देवाच्या कामात आडवं येऊ नका, बाई," सावळारामआबा म्हणाले. गावातलं वडीलधारं माणूस.

बाईंनी दगडाला नख लावलं. "आबा, शेंदूर बोटाला लागतो. ह्याचा पापुद्रा निघतोय बघा. ही वही, ही गेल्या वर्षीची तारीख. अळंबीचे धागे जमिनीखाली कुजकं खात चारी अंगांनी सारखे सरकतात, म्हणून ती कडेला गोल उगवते. वर्षात दोन वीत सरकली. आणि भंडारा म्हणजे तिचं बी. मीही घरी कोऱ्या कागदावर वाटीखाली एक ठेवली होती, हा बघा माझा कागद, हिरवाच झालाय. मी काही मंत्र म्हटला नव्हता."

"ही आपला देव मानत न्हाय," झुंबर ओरडला. "हिचं काय ऐकताय?"

"मग महाराज, तुम्ही खा एक," बाई म्हणाल्या.

"माझा उपास हाय."

"उपास?" चहावाला बिरू म्हणाला. "आन सकाळी माझ्या टपरीवर दोन वडं हाणलं ते?"

रांगेत हशा पिकला. आबांनी कढई उपडी केली. झुंबरनं पिशवी उचलली आणि काढता पाय घेतला.

आबा मात्र हसले नाहीत. "ही इखारी हाय हे कवापासनं ठाव हुतं, बाई?"

"पहिल्या दिवसापासून. मी भ्याले, आबा."

दुपारी बाई दवाखान्यात गेल्या. रंगूबाईला सलाईन लावलं होतं, जिवावरचं टळलं होतं. बाईंनी सगळं कबूल केलं. म्हातारीनं त्यांना खाटेजवळ बोलावलं.

"बाई, मी खायच्या आधी तुमास्नी इचारलं आसतं, तर सांगितलं आसतं का वो?"

बाईंना हो म्हणता आलं नाही.

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा. शेजाऱ्याला विचारा, मास्तरांना विचारा, चारचौघांत विचारा. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्यानं कुणी विचारायची वाट बघू नये.