शब्दाखालची टिंबं

त्या पत्राला मी एकोणचाळीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. आणि ज्यांच्याविषयी ते पत्र होतं, त्यांच्याच टबात त्या दुपारी माझे पाय बुडालेले होते.

टब म्हणजे मधोमध कापलेलं निळं प्लास्टिकचं पिंप. पंपवाल्याने ते गच्चीवर आणून टाकीच्या सावलीत ठेवलं होतं. दुरुस्तीला आलेला पंप तो त्यात सोडायचा आणि चालतोय की नाही हे कळावं म्हणून नळीचं तोंड आमच्यावर धरायचा. त्या उन्हाळ्यात त्याने दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपाने आधी मला भिजवलेलं आहे.

"काका, पाय आत. बाहेर काढलेत तर एक डाव बाद," सिस्टर म्हणाली. ही पंपवाल्याची बायको. दवाखान्यात नर्स आहे, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टर म्हणते. नवराही.

"मी खेळतच नाहीये," मी म्हणालो.

"म्हणून तर. न खेळणाऱ्यांना शिस्त जास्त."

पत्ते चौघांत चालले होते. ती दोघं, पंपवाल्याचा शाळेपासूनचा मित्र असलेला बसचा ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरची बायको, जी कोपऱ्यावर पार्लर चालवते. हरेल त्याने चार मजले उतरून बर्फ आणायचा. ड्रायव्हर तिसऱ्यांदा जाऊन आला होता आणि आता उघडउघड पत्ते लपवत होता. आमच्या पायांशेजारी एक कलिंगड तरंगत होतं. नर्स असून हे चालतं कसं, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "साल खाता का तुम्ही?" असं उत्तर मिळालं होतं. माझ्या मांडीवर पुस्तक होतं, आणि ते भिजू नये म्हणून पार्लरवालीने त्याला केस रंगवताना घालतात ती प्लास्टिकची टोपी घातली होती.

माझ्यासारख्या माणसाला असं कुणी बोलावतं याचं मला रोज नवल वाटायचं. एक्केचाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुका काढायच्या, परत द्यायचं. माणसांशी बोलताना माझं निम्मं लक्ष माझ्याच वाक्यात काय चुकलं याकडे असतं. इमारतीत मला खोडरबर म्हणतात हे मला माहीत आहे. ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाळलेले कपडे काढायला वर आल्या. टबाकडे, पत्त्यांकडे, टोपी घातलेल्या पुस्तकाकडे बघून म्हणाल्या, "मजा आहे बाई तुमची. एकीकडे दत्तक मूल मागायचं आणि दुसरीकडे हा धिंगाणा. संस्थेची माणसं बघायला आली तर काय म्हणतील?"

"म्हणतील, जरा सरका, आम्हालाही बसू द्या," सिस्टर पत्ता टाकत म्हणाली. "तुम्हीपण या ना वहिनी. तुमच्याही पायांची आग होत असेल."

"मला कामं आहेत."

"मग कामं झाल्यावर या. कलिंगड कापायला अवकाश आहे."

वहिनी गेल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "दुःख म्हणून काही नाहीच हल्लीच्या लोकांना."

सिस्टरचे हात क्षणभर थांबले. मग तिने इतक्या जोरात पत्ता आपटला की तो उडून पाण्यात पडला, आणि चौघंही त्याच्यामागे धावली.

दुःख. नेमका तोच शब्द माझ्याकडे खाली, शब्दकोशात ठेवलेल्या त्या पत्रात होता.

पत्र संस्थेकडून आलेलं. या दांपत्याने ओळखीच्या तीन व्यक्तींची नावं दिली आहेत, त्यांपैकी आपण एक. सोबतचा नमुना भरून, सही करून टपालाने पाठवावा. हातात दिलेला चालणार नाही, फोनवर सांगितलेलं चालणार नाही. मी टेबलाशी बसलो, चष्मा पुसला आणि पेन उघडलं. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. सवय, दुसरं काय! 'दांपत्य'चा अनुस्वार एक अक्षर पुढे सरकला होता, तो मागे घेतला. दोन ऱ्हस्व वेलांट्या दीर्घ केल्या. सातवा प्रश्न होता : 'अर्जदार अपत्यहीन असल्याचे दुःख त्यांच्या वागण्यात दिसते काय? कसे?' मी 'हीन'भोवती गोल केला आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. मुद्रितात लेखकाला काही विचारायचं असेल तर आम्ही तसंच करतो. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात छापलं होतं, 'या नमुन्यावर खाडखोड करू नये.' तिथला 'ड'चा काना राहिला होता असं समजून मी तोही दिला, खाडाखोड, आणि मग ते वाक्य मला अर्थासकट कळलं.

माझ्यासमोर एक सरकारी दिसणारा कागद होता आणि त्यावर अकरा लाल खुणा होत्या.

दुसरा नमुना मागवावा, तर का लागला हे सांगावं लागणार. हाच पाठवावा, तर कोण विक्षिप्त म्हातारा यांनी साक्षीला धरला असं होऊन त्यांचंच नुकसान व्हायचं. मी वेगळ्या कागदावर उत्तर लिहायला घेतलं. नऊ मसुदे झाले. प्रत्येक मसुदा सातव्या प्रश्नापाशी अडायचा. आणि रोज दुपारी वरून हाक यायची, "काका, पाणी भरलंय!"

माझी बायको असती तर हसली असती. तिनेही एकदा असाच एक फॉर्म घरी आणला होता. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी म्हणालो, विचार करू. दोन वर्षांनी तिनेच तो फॉर्म ट्रंकेच्या तळाशी कागद म्हणून अंथरला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं मुद्रित कधी छपाईला जायचंच नाही."

पत्ता पाण्यातून निघाला, तो पंपवाल्याच्या बनियनवर वाळत घातला गेला, आणि तेवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. ती कठड्यापाशी जाऊन बोलली. परत आली तेव्हा तिने पायाने कलिंगड बाजूला सारलं आणि टबाच्या काठावर बसली.

"संस्थेच्या बाई होत्या. दोन पत्रं आली म्हणे. तिसरं नाही. महिनाअखेरीपर्यंत नाही आलं, तर फाइल बंद."

"बंद म्हणजे?" ड्रायव्हरने विचारलं.

"म्हणजे पुढच्या वर्षी नवा अर्ज. आणि पुढच्या वर्षी आमचं वय बसत नाही." तिने नवऱ्याकडे बघितलं. "चार वर्षं थांबलो, ती पाण्यात."

पंपवाल्याने वाकून पंप बंद केला. 

"माझं तर दुसऱ्याच दिवशी गेलं," ड्रायव्हर म्हणाला. "देवाशप्पथ. हिला विचार."

"तुझं नाही रे. आमच्या मेट्रनबाईंचं! त्यांचंही नाव दिलंय ना. त्यांच्या सहीसाठी आमच्या वॉर्डात उशासुद्धा महिनाभर अडकतात. कोणाचं आलं नाही ते बाई सांगत नाहीत, पण मला काय कळत नाही? थांब, आत्ताच्या आत्ता वाजवते त्यांची." ती नंबर शोधू लागली. पलीकडे घंटा वाजू लागलेली मला ऐकू आली.

मी उभा राहिलो. टबात उभं राहून बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

"मेट्रनबाईंना काही बोलू नका, सिस्टर. मी आहे तो."

"काय तुम्ही?"

"पत्र. माझं गेलेलं नाही."

तिने फोन बंद केला. मी ओल्या पायांनी खाली गेलो, शब्दकोशातून कागद काढला आणि वर आणून तिच्या हातात दिला. काय सांगायचं ते जिन्यात जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्यही आठवलं नाही.

तिने वरची तारीख बघितली, मग वाचलं. नवरा तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा चेहरा आधी हलला. तो तोंडावर हात ठेवून मागे वळला, आणि त्याची पाठ हलायला लागली. मला वाटलं, रडतोय.

"खाडाखोड करू नये," तो कसाबसा म्हणाला, "यात पण... यात पण काकांनी..." आणि तो खदाखदा हसत खालीच बसला.

सिस्टर हसली नाही. "एकोणचाळीस दिवस, काका? रोज इथे येऊन बसत होतात. माझ्या हातचं कलिंगड खात होतात."

"हो."

"मला सांगता नाही आलं?"

"नाही आलं." मी चष्मा काढून पुसला. "सातव्याचं उत्तर सुचेना. खरं लिहिलं तर तुमचं नुकसान होईल असं वाटलं. आणि खोटं मला..."

"त्यात काय सुचायचंय?" ड्रायव्हर मधे पडला. "मी सरळ लिहिलं. म्हटलं, दोघांना झोप नाही, ही सारखी डोळे पुसते, घरात नुसती अवकळा आहे. अरे, त्यांना तेच वाचायचं असतं!"

"तू असं लिहिलंस?" सिस्टर हळूच म्हणाली.

"चांगल्यासाठी लिहिलं गं."

"चांगल्यासाठी!" ती उठली. तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, आणि तो जावा असंच तिला वाटत असणार. "चार वर्षांपूर्वी रडून झालंय माझं. पोटभर रडले, याला विचार. मग एक दिवस तोंड धुतलं आणि ठरवलं, आता पुरे. अवकळा असलेल्या घरात कुणी मूल का द्यावं? मी दिलं नसतं! ते एवढंसं पोर यायचं, आणि आल्या दिवसापासून त्याची ड्यूटी काय, तर आईचे डोळे पुसायचे? मला औषध नकोय रे. मला मूल हवंय. या टबात बसायला हवंय. हे कलिंगड खायला, तुझ्यासारख्या लबाडाकडून पत्ते शिकायला, काकांना भिजवायला हवंय. आम्ही हसतो म्हणून नाही देणार म्हणाले, तर त्यांना तोंडावर सांगीन. पण रडकं सोंग घेऊन मूल आणणार नाही. एक दिवससुद्धा नाही."

ड्रायव्हरने मान खाली घातली. पार्लरवालीने त्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "तरी मी म्हणत होते."

सिस्टरने कागद माझ्यापुढे धरला. "हाच पाठवायचा. लाल खुणांसकट. आणि जे दिसतं ते लिहा."

"तुम्ही म्हणत असाल तर..."

"आधी ते 'तुम्ही' सोडा. सहा वर्षं झाली, मला 'तुम्ही' म्हणणारे तुम्ही एकटेच. पोस्टाची पेटी साडेपाचला उघडतात. लिहा."

पंपवाल्याने रिकामी बादली पालथी घातली. त्यावर फळी ठेवली, फळीवर टॉवेल. मी बसलो. ती चौघं मुद्दाम पलीकडे तोंड करून कलिंगड कापू लागली, आणि मी इतक्या जवळच्या माणसांविषयी पहिल्यांदाच काही लिहू लागलो. किती वर्षं ओळखता, लिहिलं. घर कसं आहे, लिहिलं. माझ्या आजारपणात सिस्टरने नऊ रात्री सोफ्यावर बसून काढल्या, हेही लिहिलं. सातव्यापाशी आलो. लिहिलं : 'ती दोघं खूप हसतात.'

लिहून झाल्यावर बघत राहिलो. कुठल्यातरी टेबलामागे बसलेली बाई हे वाचेल. तिला उथळपणा वाटेल. तिला ही गच्ची दिसणार नाही. सिस्टर आत्ता जे म्हणाली ते ऐकूनही माझा हात पुढे गेला आणि त्याने ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, 'दोघेही समंजस व संयमी आहेत.' व्याकरणात खोट नव्हती. अर्थातही नव्हती. घडी घालून कागद पाकिटात सारला.

"दाखवू का?" मी विचारलं.

"नको," सिस्टर म्हणाली. "आणि मी खालीही येत नाही. मी बरोबर असले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून शब्द बदलाल." तिने हात पुसले, कलिंगडाची एक फोड माझ्या हातात दिली. "जाता जाता खा. बिया कुठेही थुंका, आज परवानगी आहे."

रस्ता तापला होता. ओल्या पायांत चपला फचफचत होत्या. एका हातात पाकीट, एका हातात फोड. एवढ्या वयात रस्त्याने खात जाणं मी कधी केलं नव्हतं. खालच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय काका, तुम्हीपण?" त्यांनी विचारलं. मी बी थुंकलो. ती त्यांच्या कुंडीत पडली. मी माफी मागितली नाही.

पेटीपाशी पोस्टमन कुलूप काढत होता. मी पाकीट पुढे केलं आणि मागे घेतलं. चिकटवलं नव्हतं. का चिकटवलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

"एक मिनिट देता का?"

"द्यायचं असेल तर द्या आजोबा, अजून सात पेट्या आहेत."

मी फोड पेटीवर ठेवली, कागद उघडला, खिशातलं लाल पेन काढलं. आमच्या कामात एक खूण आहे. खोडलेला शब्द खोडायला नको होता असं ध्यानात आलं, की त्याच्याखाली एकेक टिंब देत जायचं आणि समासात लिहायचं, 'असू दे.' मग खिळे जुळवणारा जुळारी ते होतं तसं ठेवतो. एक्केचाळीस वर्षांत दुसऱ्यांच्या शब्दांखाली मी अशी किती टिंबं दिली असतील, गणती नाही. स्वतःच्या वाक्याखाली कधी दिली नव्हती.

ती दोघं खूप हसतात. चार शब्द. पेटीचा पत्रा भाजत होता, त्यामुळे टिंबं सरळ रेषेत आली नाहीत. 'समंजस व संयमी'वर काट मारली. समासात लिहिलं, 'असू दे', आणि त्याखाली पूर्ण नावाने सही केली.

चिकटवलेल्या पाकिटाला आता कलिंगडाच्या पाण्याचा गुलाबी डाग होता. पोस्टमनने पिशवीचं तोंड माझ्यासमोर धरलं. मी पाकीट सोडलं. त्याने दोरी ओढली, पिशवी खांद्याला लावली आणि सायकल वळवली.

मुद्रित छपाईला गेलं.